एकशे बारावं पान

आता ऐकाच, कारण असली घोडचूक शहाण्या माणसाकडूनच होते, आणि मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

जळगावात माझं डाळीचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं पोत्यांनी शिकवलं. आमच्या धंद्यात तूर घ्यायची म्हणून कुणी पोतं रिकामं करत नाही. परखी म्हणून एक टोकदार, पोकळ नळी असते. ती वर, मध्ये, खाली खुपसायची, मूठभर दाणे काढायचे आणि सांगून टाकायचं, माल कसा आहे. माझा अंदाज कधी चुकला नाही. गर्वच होता म्हणा ना!

आमच्या गल्लीत आबा राहायचे. धुळ्याहून फौजदार म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी धुळ्यालाच दिलेली. खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण घडी करून ठेवलेलं असायचं. हॉलंडातला कुणी पोलीस अधिकारी रहस्यकादंबऱ्या लिहायला लागला आणि नावाजला, अशी बातमी. आबा म्हणायचे, "तिकडचा पोलीस लिहितो, मग धुळ्याच्या पोलिसानं काय घोडं मारलंय?"

आणि लिहिली की त्यांनी! जाडजूड वही, पंचनाम्यासारखं अक्षर. कापसाच्या जिनिंगमध्ये खून, पाच संशयित. लिहून झाल्यावर वही माझ्या गादीवर ठेवली. "भाऊ, पहिला वाचणारा तू. एकूण एक पान वाच."

आता तुम्हीच सांगा, तुरीच्या सीझनला दोनशे पानं कोण वाचणार? मी वहीला परखी मारली. सुरुवातीची चार पानं, मधली चार, शेवटची चार. माल उत्तम. आठ दिवसांनी आबा आले.

"बठ्ठी वाची का?"

"बठ्ठी. सगळीच्या सगळी, आबा."

"एकशे बारावं पान?"

पोलिसाचा प्रश्न, मी जरा दचकलो. पण व्यापारी कधी अडतो का? म्हटलं, "त्या पानावर तर काय हसलो आबा, पोट दुखलं!"

आबा "बरं" म्हणाले, वही काखेत मारली आणि गेले. जाताना ओट्याच्या पायरीवर अडखळले. मी आपला तूर बघत होतो.

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. काचबिंदू. दोन्ही डोळे गेले. लवकर दाखवलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

मी भेटायला गेलो. आबा खिडकीपाशी बसले होते, तोंड मात्र भिंतीकडे. आवाजावरून मला ओळखलं, मुलीला वही आणायला सांगितली. "वाचून दाखव, भाऊ. मला आता जमत नाही. पहिल्यापासून."

मी वाचू लागलो. आणि खरं सांगतो, कादंबरी झकास होती. दुपार कशी गेली कळलं नाही. मुलीनं दोनदा चहा दिला. एकशे अकरावं पान संपलं, मी त्याच रंगात पुढचं मोठ्यानं वाचलं:

"भाऊ, हे गोष्टीतलं नाही. मला बाजूचं दिसेनासं झालंय. पोरीला सांगितलं नाही. गुंडांच्या अंगावर गेलो, पण डोळ्याच्या डॉक्टरकडे एकट्यानं जायची भीती वाटते. तोंडानं बोलवत नाही, म्हणून इथं लिहिलं. सोबत येशील का?"

मुलगी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

आबा शांतपणे म्हणाले, "मला वाटलं, तू वाचलंस आणि माझ्या भीतीला हसलास. म्हटलं, भाऊ हसतोय म्हणजे काही विशेष नसेल. मग मीही हसण्यावारी नेलं."

"आबा, मी ते पान वाचलंच नव्हतं."

"ते आत्ता कळलं, तू गोष्टीच्याच रंगात वाचत गेलास तेव्हा." मग जरा हसले. "उभी नोकरी लोकांचं खोटं पकडण्यात गेली. तुझंच तेवढं पकडता आलं नाही बघ."

मी वही मिटायला लागलो. कागदाचा आवाज त्यांनी बरोबर ऐकला.

"थांबलास का? खुनी अजून सापडायचाय."

"सापडला, आबा," मी म्हणालो.

"कबुलीजबाब नंतर," आबा म्हणाले. "आधी पान उलट. आणि ह्या खेपेला एकही गाळू नको."