कासव आता ठीक आहे का?

बायको गोष्टी सांगायला शिकवत असली की घरात किस्से साचतात. अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटावर रिकाम्या बॅगा साचल्यात, तसेच. टाकवत नाहीत, कधी लागतील सांगता येत नाही.

मेधा इकॉलॉजिस्ट आहे. दुबईतल्या एका कॉलेजात मोठ्या माणसांना पर्यावरणाच्या गोष्टी सांगायला शिकवते. माझी नोकरी गेल्यापासून मुलीसकट आम्हा तिघांचे व्हिसा तिच्या जिवावर आहेत आणि तिचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. रिन्यूअलचं विचारलं की डीन म्हणतात, "इन्शाल्ला." म्हणजे देवाची मर्जी असेल तर. हे हो असतं की नाही, इतकी वर्षं इथे राहून मला कळलेलं नाही.

*

तिच्या वर्गात अल कुसैसचे एक कॉन्ट्रॅक्टर आहेत, सावंत. पाण्यावर गोष्ट सांगा म्हटलं, तर पठ्ठ्याने स्लाइड्स आणल्या.

"सावंत, गोष्ट हवी, टेंडर नको," मेधा म्हणाली. "ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"मॅडम, माझं टेंडर वाचून भलेभले रडलेत."

*

एकदा वर्ग रास अल खोरला फ्लेमिंगो बघायला गेला. ड्रायव्हर म्हणून मी. सावंतांनी हळूच विचारलं, "मॅडम, हे इथलेच का?"

"काही इथेच राहतात. बरेच थंडीत येतात, मग जातात."

"बरंय. व्हिसाची कटकट नाही."

सगळे हसले. मी मात्र मनात कॉन्ट्रॅक्टचे उरलेले दिवस मोजले.

*

घरी वेगळीच तऱ्हा. आमच्या आठ वर्षांच्या इराला मेधाने झोपताना कासवाची गोष्ट सांगितली. खरी. तिलाच किनाऱ्यावर सापडलेलं, घशात प्लॅस्टिक अडकलेलं. बरं करून समुद्रात सोडलं.

"इज इट ओके नाऊ?" इराने विचारलं.

"माहीत नाही गं."

झालं! पोरगी रोज विचारते, ही रोज तेच सांगते. मग इरा माझ्या कुशीत टक्क जागी.

मी म्हटलं, "अगं, ठीक आहे म्हण ना. तुझं काय जातंय?"

"माहीत नसताना कसं म्हणू?"



*

शेवटच्या सेशनला डीन स्वतः येऊन बसणार होते. आधीच बजावलं होतं, "एंड ऑन होप, डॉक्टर. पीपल शुड गो होम हॅपी." आणि मेधाने निवडली कासवाची गोष्ट. इरालाही सोबत घेतलं होतं. गाडीत मी अक्षरशः हात जोडले, "आजच्या दिवस ते कासव सुखरूप ठेव, बाई."

सांगितली सुंदर. आणि शेवटी म्हणते, "इट स्वॅम अवे. आफ्टर दॅट, आय डोन्ट नो."

डीन उठले आणि तडक बाहेर गेले. खलास. पार्किंगपर्यंत चालताना मी मनात बॅगा भरायलाही घेतल्या.

आमच्या गाडीपाशी डीन उभे होते.

मला राहवलं नाही. "सर, रिन्यूअल..."

"इन्शाल्ला, इन्शाल्ला," त्यांनी हात झटकला आणि मेधाकडे वळून हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, द टर्टल... इज इट ओके नाऊ?"

मेधाने तोंड उघडलं. तेवढ्यात इराने त्यांची बाही ओढली.

"सर, डोन्ट आस्क हर. यू वोन्ट स्लीप."