लेबलावरचं कुंकू

सकाळी सव्वादहाला खोकं उघडलं आणि माझ्या तोंडून जी शिवी गेली, ती मराठीत होती हे नशीब. नाशिकहून विमानाने आलेल्या बारा बाटल्या. प्रत्येकीवरचा पातळ कागद काढला, तर पांढऱ्याशुभ्र लेबलाच्या मधोमध हळदीकुंकवाची बोटं. बाराच्या बारा बाटल्यांना! आणि अकरा वाजता हॉटेलवाले चव बघायला येणार होते.

टोकियोतल्या एका छोट्याशा वाइन आयात कंपनीत मी तेव्हा पार्टटाइम काम करत होते. पुण्यात आईला मी अजूनही ‘ज्यूसची कंपनी’ एवढंच सांगते. साहेबांच्या डोक्यात नाशिकची फेसाळ वाइन आणायचं आलं आणि तिकडच्या लोकांशी बोलणारी ऑफिसात मी एकटीच, म्हणून सगळं माझ्या गळ्यात पडलं. नाशिकला फोन केला की वाइनरीचे मालक द्राक्षमळ्यात असायचे आणि त्यांची आईच फोन उचलायची. मी त्यांना काकू म्हणायचे. कामाचं बोलणं दोन मिनिटं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा वीस मिनिटं, असं आमचं चालायचं.

साहेब म्हणाले होते, ही ऑर्डर मिळाली तर तुम्हाला कायम करू. कायम म्हणजे माझ्या स्वतःच्या नावावर व्हिसा. मार्चमध्ये नवऱ्याची मुंबईला बदली ठरली होती आणि आम्ही दोघी, मी आणि लेक, त्याच्याच व्हिसावर इथे होतो. पोरीच्या तीन शाळा बदलून झाल्या होत्या. टोकियोच्या एदोगावा भागातल्या या शाळेत पहिलं वर्षभर ती कोणाशी बोललीच नाही. आता कुठे मैत्रिणी घरी यायला लागल्या होत्या आणि पुढच्या वर्षी दहावी. “आई, परत नको ना,” एवढंच ती म्हणाली होती, तेही जपानीत. मी तिला शब्द देऊन बसले होते.

ओला रुमाल घेऊन पुसायला गेले, तर कुंकू निघायच्याऐवजी पसरलं आणि अर्धं लेबल गुलाबी झालं. दुसऱ्या बाटलीला कोरडा रुमाल लावला, तर कागदाचं सालपट निघालं. तेवढ्यात साहेब आत आले. त्यांनी बाटली हातात घेतली, दातांतून हवा आत ओढली. इथे नापसंतीची ही खूण. ओरडले असते तर परवडलं असतं.

“हे काय आहे?”

“पूजेचं आहे. शुभ म्हणून लावतात.”

“खाण्यापिण्याच्या मालावर हाताने लावलेली पूड? त्यांना हे सांगू नका,” ते म्हणाले आणि पाहुण्यांना घ्यायला गेले.

त्यातल्या त्यात बऱ्या चार बाटल्या मी निवडल्या. बर्फाच्या भांड्यात ठेवायची सोय नव्हती, रंग सुटला असता. फ्रीजमध्ये कोंबल्या आणि देवाचं नाव घेतलं.

हॉटेलच्या खरेदी विभागाच्या बाई आल्या, पन्नाशीच्या, काळा सूट, हातात बारीक अक्षरांची वही. सोबत दोघं, एक शब्द न बोलणारे. मी महिनाभर पाठ केलेलं फेसाळ वाइनचं पुराण सांगायला लागले. प्लास्टिक वेगळं, डबे वेगळे असा कचरा काढताना, सायकल ढकलताना, सगळीकडे घोकलेलं. फ्रान्सातले वाइनवाले आधी या बुडबुड्यांना दोषच समजायचे. वसंतात तळघरातल्या बाटल्या फटाफट फुटायच्या, म्हणून कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे घालायचे. इंग्रजांना मात्र तो फेस आवडला आणि त्यांच्या बाटल्यांची काच जाड होती, फुटायची नाही. मग व्यापाऱ्यांची माणसं नमुन्याच्या बाटल्या घेऊन देशोदेशी निघाली. रशियाला गोड लागते, इंग्रजांना कोरडी, म्हणजे कमी गोड, अशी पत्रं ती घरी पाठवायची आणि घरचे तशी साखर घालायचे. एका तरुण विधवेने तर युद्धामुळे आलेली व्यापारबंदी पुरती उठायच्या आत जहाज भरून माल रशियाला धाडला.

बाई लिहीत होत्या. “नमुने घेऊन फिरणाऱ्या त्या माणसांचं काम अवघड होतं,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. अवघड काय असतं ते मला विचारा!

आता बाटली उघडायची होती. बूच धरून बाटली फिरवायची, आवाज न करता. तेवढं जमलं. पण इथे ओतताना लेबल पाहुण्यासमोर धरावं लागतं. मी अंगठा कुंकवावर ठेवून धरली. पहिला ग्लास भरला, दुसरा भरला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटला होता आणि मलाही. तिसऱ्या ग्लासाला बाटलीखालच्या पांढऱ्या नॅपकिनवर लाल ओघळ उतरला.

बाईंनी ग्लास खाली ठेवला. “तो रंग कसला?”

मी म्हणाले, “पॅकिंगमधल्या नव्या कामगाराची चूक आहे. माफ करा.” एका दमात. ही बोटं पॅकिंगमधल्या कुठल्यातरी कामगार बाईचीच, असं धरून तोवर मनात मीही तिला चांगली झापली होती.

बाईंनी चव घेतली. पुन्हा घेतली. मग वही मिटून म्हणाल्या, “वाइन घेऊ. मात्र चूक का झाली आणि परत होऊ नये म्हणून काय करणार, ते आजच लिहून द्या.”

साहेब कमरेत वाकले, मीही वाकले आणि वाकल्या वाकल्या डोळे पुसले. पोरीची शाळा वाचली होती!

चार वाजता मी रिपोर्ट पाठवला. कारण: नवीन कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय: समज दिली आहे, यापुढे बाटलीला कोणाचाही उघडा हात लागणार नाही. मग नाशिकला फोन लावला, त्या कामगार बाईला आवरा म्हणून सांगायला.

“झालं का गं काम?” काकूंनीच उचलला.

“झालं काकू. ऑर्डर मिळाली.”

“मला ठाऊकच होतं! एकेक बाटली मांडीवर घेऊन कुंकू लावलंय मी. आमच्या वाइनचं काय व्हायचं ते होवो, पण तुझ्या पोरीची शाळा सुटायला नको. दर बाटलीला तिचं नाव घेत होते.”

कोणाला आवरा म्हणणार होते मी?

“पाहिलं का गं त्यांनी?”

“पाहिलं.”

“कोणी लावलं म्हणून विचारलं असेल. माझं नाव सांगितलंस ना?”

“हो काकू,” मी म्हटलं. “तुमचंच सांगितलं.”

“बरं केलंस बाई. आता मोठा माल कधी निघायचा ते आधी कळव मला. एवढ्या बाटल्यांना कुंकू लावायचं म्हणजे आठ दिवस तरी बसावं लागेल.”