चामड्याला तेल लागतं

मावशींचा पारा चढला होता, आणि का चढू नये? कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो जुना, पितळी, हवा काढायचा पंप त्यांनी एकतीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. दांडा वरखाली मारला की काचेच्या हंडीतली हवा ओढली जायची आणि आतली विजेची घंटी डोळ्यांसमोर हलत असूनही ऐकू येईनाशी व्हायची. मुलं आ वासून बघत. पण हे सगळं चालायचं ते दट्ट्याभोवतीच्या चामडी चकतीवर. ती एरंडेल पिऊन मऊ राहिली तरच हवा अडणार. दर शनिवारी मावशी ती काढून तेलात मुरवायच्या, अंगठ्यांनी चोळायच्या. नवरा चिडवायचा, "घरातले कप तेवढे निसटतात तुझ्या हातून, पंप नाही निसटत."

आणि नव्या विभागप्रमुखांनी काय करावं? पाहुणे येणार म्हणून, मावशी दोन दिवस रजेवर गेल्याचं बघून, पंप खोलून चक्क रॉकेलने धुऊन घेतला! वर म्हणे, किती तो ओशटपणा!

रजेवरून आल्या आल्या मावशींनी पाहुण्यांसमोर घाम फुटेपर्यंत दांडा मारला. घंटी आपली ठणठणतेच आहे. सर पाहुण्यांकडे वळून हसले. "मावशींचं वय झालं आता. देखभाल होत नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुणे गेल्यावर त्यांनी दट्ट्या काढला. चकती वाळून कडक झाली होती, वाकवताच चिरली.

"सर, नवी कापते. दोन दिवस तेलात राहू द्या, पंप पहिल्यासारखा चालेल."

"कशाला तो खटाटोप? भंगारात काढू."

दुसऱ्या दिवशी कारकून कागद घेऊन आला. 'देखभालीअभावी निकामी.' खाली सह्या दोघांच्या हव्यात, मावशींची आणि सरांची. एक जरी सही नसली तरी पंप जागचा हलणार नव्हता.

"करा मावशी सही, एका ओळीने काय होतंय," कारकून म्हणाला.

"माझी एकतीस वर्षं पुसली जातायत त्या ओळीने!"

मावशींनी पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'रॉकेलने धुतल्यामुळे बंद. धुवायला सांगणारे, विभागप्रमुख.' खाली स्वतःची सही केली आणि कागद घेऊन तरातरा सरांच्या खोलीत गेल्या.

"माझी झाली, सर. आता तुमची तेवढी राहिली."

सरांनी कागद वाचला, परत वाचला, आणि पेनाचं टोपण काही काढलं नाही.