तारेवरच्या चिंध्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझा डावा खांदा दुखतो. खांद्याचा गुन्ह्याशी संबंध नाही. फौजदारकीच्या प्रशिक्षणात मला घोड्यावर बसवलं होतं आणि घोड्याला ते पसंत पडलं नव्हतं, एवढंच. पुढे नोकरीत ही पडापडीची हकिकत मीच कौतुकाने सांगत फिरलो. ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ असा लावला, की साहेबांना घोड्यांतलं कळतं. आमच्या घरी या समजुतीवर अजून हसतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात एका ठाण्याला मी सब-इन्स्पेक्टर होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच अजून तिथेच राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

मे महिना होता. सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, घोडीचा पाय तोडला कुणीतरी. माणूस धरून ठेवलाय. लवकर या, नायतर लोकं त्याचाबी तोडतील."

हवालदार माझ्याकडे बघून म्हणाले, "चला साहेब, तुमच्याच खात्यातलं काम आलं." हे हवालदार माझ्याहून वयाने मोठे, नोकरीने जुने आणि जिभेने तिखट.

गावात पोचलो तेव्हा थट्टा तिथेच संपली. घोडी पांढरीशुभ्र, वरातीची. आजूबाजूच्या गावांतले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेलेले. ती रस्त्याच्या कडेला तीन पायांवर उभी होती. मागचा उजवा पाय ढोपराखाली सोललेला. मोजा उतरावा तशी कातडी खुरापर्यंत घसरली होती आणि आत पांढरं हाड दिसत होतं. तिचा मालक, साठीचा माणूस, डोक्याचा फेटा सोडून त्या पायाला गुंडाळत होता. फेटा लग्नातला, गुलाबी.

"तिला बसू देऊ नका, साहेब," तो मला म्हणाला. "बसली तर उठायची नाय ती."

धरलेला माणूस देवळासमोरच्या खांबाला दोराने बांधला होता. सुरगाण्याकडचा, डोंगरातला. तिकडची कुटुंबं भात-नागली झाली की द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि पावसाच्या आधी राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा जाळून तयार करायला, परत जातात. हा आणि त्याची बायको गावातल्या एका बागायतदाराकडे होते, त्याच्याच शेताच्या कडेला झोपडीत. घोडीवाला त्याच बागायतदाराच्या पडीक रानात घोडी चरायला सोडायचा. बदल्यात बागेला लीद मिळायची. वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

पुरावा म्हणाल तर भरपूर होता. आदल्या दिवशी घोडीने झोपडीसमोरची चूल तुडवली, भाताचं पातेलं उपडं केलं. तेव्हा हा ओरडला होता, "परत आली तर तंगडंच तोडीन." ऐकणारे चारचौघं हजर होते. कोयत्याच्या पात्यावर काळपट डाग होते. रक्ताचे थेंब त्याच्या झोपडीपासूनच सुरू होत होते. त्याचा दोर मी सोडवला, पंचनामा केला, कोयता जप्त केला आणि भारतीय दंड विधानाच्या कलम ४२९ खाली, म्हणजे जनावराला जायबंदी केल्याचा, गुन्हा नोंदवून त्याला ठाण्यात आणलं.

तंगडं तोडण्याची धमकी माझ्या आईने मला लहानपणी जवळपास रोज दिली होती. माझे दोन्ही पाय शाबूत आहेत. पण हा मुद्दा फिर्यादीत कुठे लिहायचा असतो, ते मला माहीत नव्हतं.

चौकशीला तो समोर उभा राहिला, आणि नुसताच उभा राहिला.

"धमकी दिली होतीस?"

"बोललो, साहेब."

"मग?"

"बोललो. केला नाय."

"कोयत्यावर डाग कसले?"

"केळीचा चीक."

"मग तुझ्या झोपडीपाशी रक्त कसं आलं?"

यावर काहीच नाही. खाली मान. मी आवाज चढवला, हवालदारांनी चहा पाजला, दोन्ही करून झालं. तो खुंट्याला बांधल्यासारखा. पोलिसाला असा माणूस अवघड जातो. निर्दोष माणूस कसा असतो? तो आकांडतांडव करतो, देवाच्या शपथा घेतो, वरच्या साहेबांचं नाव सांगतो. हा काहीच करत नव्हता, आणि त्याचं ते गप्प राहणंच मला कबुलीसारखं वाटत होतं.

बाहेर कडुनिंबाखाली त्याची बायको गाठोडं घेऊन बसली होती. मला बघून उठली. "साहेब, उंद्या आमची जीप हे. राब भाजायचा राहला. पानी येल."

गुन्हा जामीनपात्र होता. पण जामीन राहणार कोण? डोंगरातल्या मजुराला इथे एकच माणूस जामीन राहतो, तो म्हणजे मालक. मालक आधी शिव्या देतो, मग येऊन सही करतो. माणूस कामाचा असतो आणि पुढच्या हंगामालाही हवा असतो. म्हणून मी बागायतदाराला बोलावणं धाडलं. तो आला, आणि बसायच्या आतच सुरू झाला.

"असल्या माणसाला मी जामीन राहू? मुक्या जनावरावर हात टाकतो? कोर्टात उभा करा, साहेब, चांगली अद्दल घडू द्या! माझ्या दारात असलं पाप नको."

तो गेल्यावर हवालदार म्हणाले, "भांडण घोडीवाल्याचं, आणि आवाज याचाच मोठा."

संध्याकाळी मी घोडी बघायला गेलो. तिच्यापासून सुरक्षित अंतर ठेवून उभा राहिलो. जनावरांचे डॉक्टर टाके घालून हात धूत होते.

"कोयता कुठे लागलाय?" मी विचारलं.

"कोयता एका बाजूने लागतो, साहेब. ही जखम पायाभोवती गोल फिरलीय. आणि कातडी वरून खाली ओढली गेलीय."

"मग काय असेल?"

"तार असणार. काटेरी नाही. काटेरी तार फाडते. ही बारीक, साधी, ताणाची तार. ती सुरीसारखी कापते." त्यांनी हात पुसले. "गाय तारेत अडकली की थांबते, हंबरते. कुणी येऊन सोडवलं की झालं. घोडं तसं नाही. अडकलं की ओढतं. जितकं लागतं तितकं ओढतं. नशीब, पायाची पुढची शीर गेलीय. मागची गेली असती तर आज हिला इंजेक्शनच द्यावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी मजुराला तालुक्याच्या कोर्टात उभं करायचं होतं. त्याच्याआधी मी आणि हवालदार बागायतदाराच्या रानात गेलो. पडीक रानाला कुंपण कुठेच दिसेना. ऊन डोळ्यांवर होतं. मी तार शोधत चाललो होतो, तेवढ्यात तारेनेच मला शोधलं. मांडीखाली फटका बसला आणि मी खांद्यावर आपटलो, डाव्याच. हवालदार शांतपणे म्हणाले, "सापडली."

द्राक्षाच्या मोडलेल्या मांडवाची जुनी तार होती ती. एकेरी, लोखंडी अँगलपासून अँगलपर्यंत ताणलेली, मध्ये ढिली पडून खाली आलेली. एका जागी तुटलेली तार नव्याने पिळून जोडली होती, आणि तेवढाच भाग पुसून लख्ख केलेला. पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. सगळी तार गंजकी होती, आणि हात-हात अंतरावर बोटभर जागा मात्र बिनगंजाची. तिथे कापडाच्या बारीक, घट्ट गाठी राहिल्या होत्या. एखादी हिरवी, एखादी विटकी लाल.

"लुगड्याच्या चिंध्या होत्या इथं," हवालदार म्हणाले. "वाऱ्यावर हालतात, जनावराला कळतं. आत्ताच कापल्यात कुणीतरी."

"कुंपण काढलं नाही आणि चिंध्या तेवढ्या काढल्या? कशासाठी?"

त्याचं उत्तर बागायतदाराच्या ओट्यावर बसलं होतं. बाजांवर स्वच्छ चादरी, अंगणात सडा, दाराला तोरण, आणि पाहुणे. मुलगी बघायला आलेले.

"या, या साहेब!" बागायतदार घाईने पुढे झाला. "हे आमचे घरचेच!"

मुलाकडच्या एका वडीलधाऱ्यांनी सरकून मला जागा दिली. काही बोलायच्या आत पोह्यांची बशी हातात आली. माझ्या उजव्या मुठीत तारेवरून काढलेली ती हिरवी गाठ होती, त्यामुळे खाताही येईना. पोलिसी नोकरीत मी बऱ्याच ठिकाणी अवघडून बसलो आहे, पण त्या बाजेइतका कुठेच नाही.

बागायतदार बोलत होता. पाऊस, बाग, निर्यात, मग आपण होऊनच त्या मजुरावर आला. "पहिल्यापासून तसाच तो, साहेब. आमच्या डोळ्यांदेखत..."

मुलगी चहा घेऊन आली. साडी नवी, पदर डोक्यावर. कप घेण्यासाठी मला मूठ उघडावी लागली, म्हणून मी ती गाठ ट्रेमध्ये ठेवली. ती जागच्या जागी थांबली.

"साहेब," ती म्हणाली, "त्या चिंध्या मी कापल्या. परवा. पाहुणे येणार म्हणून."

"तू आत जा," बाप म्हणाला.

"आप्पा, तो माणूस तिकडं बसलाय ना."

"आत जा म्हणलं ना!"

ती गेली नाही. ट्रे खाली ठेवून माझ्याकडेच बघत राहिली, पाहुण्यांकडे बघावं लागू नये म्हणून असेल. "घोडी पहाटं तारेत ओरडत होती. आप्पांनी पकडीनं तार तोडून सोडवली. ती भेदरून झोपडीकडं पळाली. मागं सांडलेलं रक्त आप्पांनी माती टाकून झाकलं. त्यानं कायबी केलेलं नाय."

बागायतदार बाजेच्या कडेवर बसला. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला कळेना.

"लोंबत्या चिंध्यांनी घर दळभद्री दिसतं, असं वाटलं मला. मीच कापायला लावल्या तिला," तो म्हणाला. "काल सांगितलं असतं तर आज पाहुण्यांसमोर पोलीस, पंचनामा... एक दिवस बसला असता तो आत. मग मीच जाऊन सोडवून आणणार होतो, साहेब. एका दिवसाचा तर प्रश्न होता."

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यांनी अर्धी बशी खाली ठेवली, हात जोडले. "येतो आम्ही. कळवतो."

आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, हे पाळण्यातल्या पोरालाही समजतं. मुलीला तर समजलंच. तिने खाली वाकून सगळ्या बशा गोळा केल्या.

त्याच दिवशी मी मजुराला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ प्रमाणे, म्हणजे पुरावा नाही म्हणून, सोडलं. पुढे गुन्ह्याची 'क' समरी पाठवली. गैरसमजातून नोंदला गेलेला गुन्हा तसा मिटवतात. बागायतदार जबाब द्यायला स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. फाटकात दोघं समोरासमोर आले. मालकाने मजुराच्या बायकोच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं.

मी मजुराला म्हणालो, "अरे, एकदा तरी ओरडून सांगायचंस की मी नाही केलं."

मनगटांवर दोराचे वळ होते, ते चोळत तो म्हणाला, "ओरडलो असतो तर आनखी मारला असता, साहेब."

जीप गेली. पुढच्या हंगामाला तो आला, पण शेजारच्या बागेत. इकडे घोडीवाल्याने बागायतदाराशी भांडण केलं नाही. "घोडी ठेव तुझ्या गोठ्यात, नि उभी कर," एवढंच म्हणाला. सबंध पावसाळा ती त्या गोठ्यात होती. पाय रोज धुवायचं, पट्टी बदलायचं काम मुलीने केलं. पाय वाचला. वरातीला मात्र घोडी उरली नाही. चालताना तो पाय जरा फेकायची.

पुढे माझ्या टेबलासमोर कितीतरी माणसं आली. डॉक्टरांचं ते वाक्य मला दरवेळी आठवायचं. अडकलेली माणसंही तशीच दोन तऱ्हेची असतात. काही थांबतात, काही ओढतात. थांबलेल्याला आपण गुन्हेगार समजतो आणि ओढणाऱ्याच्या जोरावर विश्वास ठेवतो. ज्याला जन्मभर ओरडल्यावर मारच मिळाला, तो गप्पच राहणार. आणि लाजेच्या तारेत अडकलेला माणूस इतका ओढतो, की दुसऱ्याची कातडी सोलली जातेय हेही त्याला दिसत नाही. तो बागायतदार वाईट नव्हता. एका दिवसाचाच प्रश्न होता, पण तो दिवस त्याने दुसऱ्याच्या आयुष्यातला घेतला होता.

वर्षभराने मला त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगा दुसऱ्या गावचा. सगळी हकिकत ऐकून त्यानेच विचारलं होतं म्हणे. वरातीला गुलाबी फेटा बांधलेला घोडीवाला पुढे होता आणि त्याच्या हातात लगाम, मागे पांढरी घोडी, झूल घातलेली, पाठ रिकामी. नवरदेव तिच्यामागून पायी चालत आला. मी तिच्या मागच्या पायांपासून शिस्तीत लांब राहिलो. हवालदार ते बघून हसले.

मांडवाकडे जाताना पडीक रान लागलं. तीच तार होती, पण आता ताठ ओढलेली, आणि टोकापासून टोकापर्यंत चिंध्या फडफडत होत्या. हिरव्या, लाल, पिवळ्या, काही परकराच्या, काही पंच्याच्या. सगळं वऱ्हाड त्यांच्याच शेजारून येत होतं. बागायतदार माझ्या बाजूला उभा होता. मी तिकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"पोरगी म्हणाली, आप्पा, लग्नापुरत्या काढायच्या का?" तो म्हणाला. "मी म्हणलं, हात लावू नको."