हजेरीत नसलेली बाई

तालुक्यातल्या राईस मिलवाल्यांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. विषय त्यांनीच दिला: सरकारी नियमांचा जाच. म्हातारा चिडून लिहील, हा त्यांचा अंदाज बरोबर आहे. मी चिडलेलोच आहे.

सिहोऱ्याच्या बाजूला माझी धान भरडायच्या एका हलरची छोटी मिल होती. तिच्यापायी मी किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले! एका साहेबाने धुळीसाठी भिंत फोडून खिडकी बसवायला लावली. पुढच्या वर्षी दुसऱ्याने, धूळ वस्तीत जाते म्हणून, तीच बुजवायला लावली. दोघांचीही सही-शिक्क्याची पत्रं माझ्याकडे आहेत. भंडाऱ्याला जावं तर साहेब साकोलीला दौऱ्यावर. ऐन हंगामात मिल बंद ठेवून मी बाहेरच्या बाकावर बसायचो.

सगळ्यात मोठी धास्ती दहाच्या आकड्याची. तेव्हा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं कामाला असली की तो कारखाना ठरायचा, आणि मोठ्या मिलला लागणारे सगळे कागद आम्हालाही लागायचे. माझ्याकडे हंगामात अकरा जण असत. हजेरीपटावर मी नऊच ठेवले. उरलेल्या दोन बायांसाठी युक्ती काढली. कामाला येणाऱ्या बाया आपलं घरचं धानही माझ्याकडेच भरडून नेत, त्यामुळे दाराशी कुणाचं ना कुणाचं पोतं असायचंच. साहेबाची जीप दिसली की त्या दोघी पदर झटकून पोत्यावर जाऊन बसत.

"चाल वो, गिऱ्हाईक हो!" बाकीच्या हसत.

"मंग गिऱ्हाइकाले चहा त पाजा, मालक," दोघींतली एक म्हणायची. मीही हसायचो.

ही चहा मागणारी अकरा वर्षं माझ्याकडे होती. एका दुपारी मशीनखालचा कोंडा ओढताना तिचा उजवा हात पट्ट्यात सापडला. तीन बोटं गेली.

पट्ट्याला लोखंडी जाळी हवी, असा नियम होता. जाळी मी करूनही घेतली होती. पण पट्टा सारखा घसरायचा, दरवेळी बोल्ट खोलायचा कंटाळा. म्हणून ती भिंतीला टेकवलेली असायची, तपासणीपुरती लावायची. साहेबांनीही कधी विचारलं नाही, त्यांचा सगळा जीव रजिस्टरात. पण ज्या नियमांना मी शिव्या देत होतो त्यांतला हा एक तिचा हात वाचवणारा होता, आणि तो मोडला मी. याचा दोष मी कुठल्याच कचेरीवर ढकलणार नाही.

चौकशीला साहेब तिच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. बांधलेला हात छातीशी धरून ती बसली होती.

"बाई कामाला होती का तुमच्याकडे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही साहेब. धान घेऊन आली होती."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे.

"हो जी साहेब," ती म्हणाली, "मी त गिऱ्हाईक."

कामगार म्हणून नोंद नाही, म्हणून भरपाई नाही. साहेबांनी लिहून घेतलं आणि ते गेले.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात मी भंडाऱ्याच्या कचेरीत लेखी अर्ज दिला: ती माझी कामगार होती, मी खोटं बोललो.

"काका, हजेरीपटावर नाव आहे का तिचं?" तिथल्या बाबूने विचारलं.

"नाही. तेच तर लिहिलंय!"

"मग पुरावा?"

"मी मालक सांगतो आहे ना!"

"तसं चालत नाही, काका. नियम आहे."

मी टेबलावर हात आपटला. खोटं बोललो त्या दिवशी कुणी पुरावा मागितला नव्हता.

तसाच तिच्या घरी गेलो. ती अंगणात डाव्या हाताने भाजी निवडत होती. कचेरीतलं सगळं सांगितलं.

"कचेरीत काहून गेले, मालक?" ती म्हणाली. "माह्या पोरीले सांगा. तिले वाटते, माय येडी, दुसऱ्याच्या मशीनमंदी हात घालून आली."

मुलगी दारातच उभी होती. आता तीही दोन लेकरांची आई आहे. मी तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ती आईकडे वळून म्हणाली, "मंग तू कायले खोटं बोलली?"

"काम गेलं असतं न माहं," आई म्हणाली.

मी तिला पुन्हा कामावर घेतलं नव्हतं.