उखाभाऊंना मुलं किती

उखाभाऊंचा आवाज लिंबायतच्या तीन गल्ल्यांना पुरतो. त्यात त्यांचा काही दोष नाही. छत्तीस वर्षं ते लूमच्या खात्यावर होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यावर चोवीस लूम एकदम खडखडत असले की शेजारच्या कारागिराला 'तंबाखू आहे का' एवढं विचारायलाही भर सभेत बोलल्यासारखं बोलावं लागतं. उखाभाऊ घरी बसले, लूम सुटले, आवाज तेवढा सुटला नाही. जेवताना त्यांनी भागीरथीबाईंना 'मीठ कमी आहे' म्हटलं, की समोरच्या घरातली बाईसुद्धा आपल्या वरणाची चव घेऊन बघते.

मी त्याच भागातल्या मराठी शाळेत मास्तर. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली. गोपाल मागच्या बाकावरचा, नकला करून अख्खा वर्ग हसवणारा, मला वर्गाबाहेर काढावा लागायचा आणि बाहेर काढल्यावर वर्ग सुना वाटायचा. सोनाली पुढच्या बाकावरची, गणितात माझ्या चुका दाखवणारी. सोनाली इंजिनिअर झाली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर परदेशी गेली. गोपाल दहावीनंतर दोन वर्षं लूमवर आणि मग रिक्षावर गेला. सोनालीला चार वर्षं कॉलेजात रोज त्याच रिक्षाने नेलं-आणलं. 'एवढं शिक्षण कुठल्याच रिक्षाने पाहिलं नसेल,' असं तो म्हणायचा.

सोनाली गरोदर राहिली आणि आईवडिलांनी बाळंतपणाला यावं असं ठरलं. ती ज्या देशात आहे त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. उखाभाऊंना पुढेमागे पुन्हा तिकडे जायचंय, आणि ते लोक कुठली गोष्ट कुठे टिपून ठेवतील याचा नेम नाही. त्यांचा अर्ज बावीस पानांचा. आजोबांचा जन्म कुठल्या गावी, तुम्ही कधी कुठल्या देशाविरुद्ध कट केला होता का, हे सगळं त्यात विचारतात. 'कट?' उखाभाऊ म्हणाले, 'मी तर शेठविरुद्ध संपबी केला नाही!'

पहिला अर्ज रिंग रोडवरच्या एका एजंटाने भरला. त्याने विचारलं, 'काका, केटलां छोकरां?'

उखाभाऊंनी बोटं दाखवून सांगितलं, 'बे. गोपाल आन् सोनाली.'

एजंटाने दोन लिहिली. वर गोपालची कागदपत्रंही जोडली, कारण मुलगा मागे असला की आईबाप परत येतात, असा तिकडच्या लोकांचा विश्वास असतो म्हणे. दीड महिन्याने पत्र आलं. अर्ज नामंजूर. दिलेली माहिती जोडलेल्या कागदांशी जुळत नाही.

पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. मी गोपालचं आधार कार्ड पाहिलं आणि वडिलांच्या नावापाशी थांबलो. 'गोपाल सुकदेव' असं तिथे होतं.

सुकदेव हा उखाभाऊंचा मोठा भाऊ. गोपाल दोन वर्षांचा असताना सुकदेव आणि त्याची बायको नवापूरजवळच्या अपघातात गेले. तेराव्याला भागीरथीबाईंनी पोर कडेवर घेतलं ते थेट सुरतेत आणूनच उतरवलं. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, गोपाललाही होती, आणि तीस-बत्तीस वर्षांत तिचा कुणी उच्चार केला नव्हता. सोनाली त्यांना 'आबा' आणि 'माय' म्हणायची, तसंच गोपालही. शाळेत नाव घालताना मात्र उखाभाऊंनी सुकदेवचंच नाव लावलं होतं. पहिलीच्या मास्तरांना ते म्हणाले होते, 'भाऊचं नाव पुसायचं नाही.'

'तेव्हाच रीतसर दत्तक का नाही घेतला?' मी विचारलं.

उखाभाऊ माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी शाळा चुकलोय. 'घरच्या पोराला कोनी दत्तक घेतं का, सर?'

याचं उत्तर माझ्या बी.एड.मध्ये नव्हतं. पण अर्ज कसा दुरुस्त करायचा ते मला येत होतं. तीस वर्षं वह्या तपासल्यात. मी नव्या अर्जाचा कच्चा मसुदा वहीत केला, मुलांच्या रकान्यातला 'गोपाल' लाल पेनाने खोडला आणि 'दोन'चं 'एक' केलं. वर शहाणपणाने म्हणालो, 'कायद्याने हेच खरं आहे, उखाभाऊ. खोटं काहीच नाही.' ती वही अजून माझ्या कपाटात आहे. उघडायची हिंमत होत नाही.

या वेळी मुंबईत मुलाखत होती. म्हणून तालीम सुरू झाली. आणि साहेब कोण झाला? गोपाल! त्याने माझा जुना चष्मा नाकावर ठेवला, खुर्ची उलटी करून तिच्या पाठीच्या गजांआडून डोकं काढलं आणि इंग्रजी वासाच्या मराठीत विचारलं, 'मिस्टर उखा, टुमाला मुलं किटी?'

'दोन!' तीन गल्ल्यांनी ऐकलं.

'चूक! विमानाटून उटरा. परट बोला.'

'दोन... नाही, एक. पन मंग तू कोन रे?'

'मी पुटन्या. नेव्यू. एकदम फालटू माणूस.'

भागीरथीबाई आतून ओरडल्या, 'गोप्या, थोबाड फोडसू!' पण त्याही हसत होत्या. आम्ही सगळेच हसत होतो. आठ दिवस रोज संध्याकाळी हा खेळ चालला. उखाभाऊ चुकायचे, गोपाल त्यांना विमानातून उतरवायचा. समोरच्या घरातली पोरं खिडकीतून 'एक, आबा, एक!' असं ओरडून मदत करायची. आठव्या दिवशी उखाभाऊ एकदाही चुकले नाहीत. गोपालने टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पेढे कुठून आणायचे याचा विचार करत होतो.

मुलाखतीला गोपाल दोघांना घेऊन मुंबईला गेला. आत फक्त अर्जदार. तो बाहेर रस्त्यापलीकडे त्यांचे फोन, पिशवी आणि डबा सांभाळत चार तास उभा राहिला.

व्हिसा मिळाला. गल्लीत पेढे वाटले गेले. आणि उखाभाऊ गप्प झाले.

म्हणजे अगदी गप्प. समोरच्या बाईने मला येऊन विचारलं, 'सर, त्यांची तब्येत बरी आहे ना? चार दिवसांत आमच्या वरणात मीठच पडलं नाही.' दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. उखाभाऊ गोपालच्या रिक्षात कायम पुढे, त्याच्या शेजारी अर्ध्या बुडावर बसायचे. पोलिसाने दोनदा हटकलं होतं, तरी सोडलं नव्हतं. आता ते मागे बसू लागले. हात मांडीवर, नजर बाहेर.

'आबा,' गोपाल आरशातून म्हणाला, 'मीटर टाकू का? बंदच आहे, पण तुमच्यासाठी चालू करतो.'

उखाभाऊ हसले नाहीत.

शेवटी भागीरथीबाईंनी सांगितलं. त्या ओट्यावर सोनालीसाठी नागलीचे पापड मोजून डब्यात भरत होत्या. मी नेहमीसारखा विचारायला गेलो, 'काय, तयारी झाली का?'

'मी जात नाही, सर,' त्या म्हणाल्या. 'पापड तेवढे जातील.'

मग कळलं. काचेपलीकडे गोरी बाई होती, शेजारी मराठी बोलणारी एक मुलगी. मुलं किती, असं विचारल्यावर उखाभाऊंनी 'एक' असं चोख सांगितलं. त्या बाईने जुना अर्ज काढला. मागच्या वेळी गोपाल हा मुलगा म्हणून लिहिला होता, तो कोण?

हा प्रश्न आमच्या तालमीत नव्हता. मास्तर असून मला सुचला नव्हता.

'ते काय म्हनले ठाऊक आहे?' भागीरथीबाईंचा हात डब्यात तसाच राहिला. 'पोरका व्हता, ठेवून घेतला.' त्यांनी हात बाहेर काढला. 'त्या आवाजात, सर. सगळी रांग वळली. आमी कधी कुत्र्याच्या पिल्लालाबी असं म्हनलं नाही. आन् तो बिचारा बाहेर डबा धरून उभा.'

'त्यांनी घाबरून...'

'घाबरले असते तर बरं होतं. जराबी अडले नाहीत.' त्यांनी डब्याचं झाकण लावलं. 'मी त्यांना सांगितलं, तुमी त्याले सांगा, मंग मी येसू. नाही तर एकटे जा.'

मी उखाभाऊंकडे गेलो. ते गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसले होते. मी म्हणालो, अहो, सांगून टाका, तो मनाला लावून घेणारा नाही. ते म्हणाले, 'तेच तर. तो हसंल. हसला तर मी काय करू?' मग खूप हळू, त्यांना शोभणार नाही इतकं हळू म्हणाले, 'सर, एक तुम्ही शिकवलं. हे कोनी नाही शिकवलं. हे माझ्याच पोटातून आलं.'

मी गच्चीवरून खाली आलो. 'एक' त्यांच्या पोटातलं नव्हतं, ते माझं होतं. आणि 'एक' म्हणवून घेतल्यावर पुढचं आपोआप येणार, एवढं तरी मास्तराला कळायला हवं होतं.

जाण्याचा दिवस उजाडला तरी उखाभाऊंनी तोंड उघडलं नव्हतं. भागीरथीबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, पण पासपोर्ट देवघरात होता. गोपालला वाटलं, त्या विसरल्या. तो घेऊन आला. 'माय, चल, मुंबईची गाडी चुकेल.' त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, उखाभाऊ उठून सरळ रिक्षाच्या पुढच्या जागेवर जाऊन बसले. तेव्हा त्याही निघाल्या. मागे त्या, मी, दोन बॅगा आणि मांडीवर पापडांचा डबा.

निम्मा रस्ता गेला. मग उखाभाऊ गोपालच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. गच्चीवरच्यासारखंच पुन्हा त्यांना कमी आवाजात बोलावंसं वाटलं, आणि रिक्षाच्या इंजिनाने ते गिळलं.

'काय, आबा? ऐकू आलं नाही.'

पुन्हा पुटपुटले.

'जोराने बोला ना! तुम्हाला काय झालंय?'

सहारा दरवाज्याचा सिग्नल लागला. गोपालने इंजिन बंद केलं, आणि त्याच क्षणी उखाभाऊंनी सगळा धीर एकवटून खात्यावरच्या आवाजात सांगितलं, 'तुझ्याबद्दल विचारलं तवा मी सांगितलं, पोरका व्हता, ठेवून घेतला!'

आजूबाजूच्या चार मोटारसायकली वळून बघू लागल्या. बसच्या खिडकीतून एका म्हाताऱ्याने मान बाहेर काढली. उखाभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिलो. भागीरथीबाई मात्र सरळ गोपालच्या पाठीकडे बघत होत्या.

हसेल, असं मला वाटलं होतं. निदान एखादी नक्कल. गोपाल समोरच्या लाल दिव्याकडे बघत होता. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले, एकाने गुजरातीत त्याचा उद्धार केला. तरी तो हलला नाही.

'खरंच होतं ना ते, आबा,' तो शेवटी म्हणाला.

'खरं व्हतं, म्हनून तर बोलायला नको व्हतं.'

गोपालने डोळे पुसले की घाम, मला मागून कळलं नाही. 'नीट धरून बसा,' म्हणाला आणि रिक्षा चालू केली.

स्टेशनवर त्याने बॅगा उचलल्या, जागा शोधून दिली, पाया पडला. 'पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा,' म्हणाला. 'आबा' म्हणाला नाही. ते माझ्याही लक्षात आलं, म्हणजे उखाभाऊंच्या आलंच असणार.

तिकडच्या विमानतळावर पुन्हा एक काच असते. उखाभाऊंनी ठरवलं होतं, तिथे विचारलं की 'दोन' सांगायचं. परत पाठवलं तरी चालेल. भागीरथीबाईंनाही ते पसंत होतं. तिथल्या साहेबाने विचारलं, किती दिवस राहणार? आणि शिक्का मारला. उखाभाऊ काचेपुढे उभेच राहिले. 'अजून काय विचारायचं असंल तर विचारा,' त्यांनी मोठ्याने सांगितलं. साहेबाला मराठी येत नव्हतं. त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

सहा महिन्यांची परवानगी होती. नातीचं तोंड पाहून बाविसाव्या दिवशी उखाभाऊ एकटेच परत आले. भागीरथीबाई बाळंतिणीजवळ राहिल्या. विचारलं तर म्हणाले, तिकडे फार शांतता आहे, झोप येत नाही. गोपाल स्टेशनवर रिक्षा घेऊन उभा होता. मी सोबत होतो. उखाभाऊ रिक्षाजवळ येऊन थांबले. कुठे बसायचं ते त्यांना ठरवता येईना.

'पुढे या, आबा,' गोपाल म्हणाला. 'मागे सर बसतील. त्यांचं मीटर टाकू.'

उखाभाऊ पुढे बसले. गल्लीला वाटलं, सगळं पहिल्यासारखं झालं. आवाजही परत आलाय, वरणांना मीठ पडू लागलंय. पण मी रोज संध्याकाळी तिथे असतो म्हणून मला दिसतं. गोपाल कामावरून आला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला, की उखाभाऊ अजूनही बसल्या जागेवरून किंचित उठतात आणि दोन्ही हातांनी घेतात. परक्या घरी पाणी घ्यावं, तसे.