शिक्का मारलेली चिठ्ठी

वहिनीच्या औषधाच्या दुकानात एकच हेका: झोपेच्या किंवा कडक दुखण्याच्या गोळ्या दिल्या की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शिक्का, मग त्या चिठ्ठीवर पुन्हा गोळी नाही. दिराने शिक्का मारलेलीच चिठ्ठी पुढे केली.

"नवी आणा, भावजी."

"दुकान घरचंच ना? मग कायदा कुणाला शिकवतेस?"

डोक्यात राख घालून तो आत घुसला, वेणी धरून तिचं कपाळ काचेवर आपटलं. तरी तिने गोळ्यांचा खण सोडला नाही. मग मेल्याने लाथ घालून तो खण तिच्या बोटांवरच बंद केला. दोन बोटं मोडली. शेजाऱ्यांनी त्याला फरफटत बाहेर काढलं.

संध्याकाळी प्लास्टर घालून ती दुकानात परतली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या तिने स्वतःच काढल्या, आणि डाव्या हाताने आपल्याच चिठ्ठीवर शिक्का हाणला.